गावठाणातली बारव : मालकी कुणाची, देखभाल कुणाची?



तोडणी, पाणीपाळी, खताच्या मात्रा हे विषय या पानांवर नेहमीचेच. या खेपेला थोडा वेगळा विषय घेत आहोत. गटसभेला आम्ही गावोगाव जातो. उसाच्या नोंदी, बिलाचा हप्ता, शिवारातला रस्ता एवढं बोलून झालं, की मागच्या ओळीतून कुणीतरी उठून म्हणतो, “आमच्या गावठाणातली जुनी बारव ढासळायला लागलीय, कारखान्यानं काहीतरी बघावं.” लगेच दुसरा म्हणतो, ते पंचायतीचं काम. सरपंच म्हणतात, ते पुरातत्त्ववाल्यांचं. आणि ज्याच्या घराची भिंत बारवेला लागून आहे तो गडी काहीच बोलत नाही, कारण त्याच्या मोरीचं पाणी बारवेतच सुटलेलं असतं. सभा संपते, बारव आहे तशीच राहते.

हा प्रश्न केवळ जुन्या वास्तूच्या कौतुकाचा नाही. भर वस्तीत कठडा नसलेली, झाडोऱ्याने झाकलेली खोल विहीर म्हणजे पोराबाळांच्या नि गुरावासरांच्या जिवाशी गाठ. तेव्हा जबाबदारी नेमकी कुणाची, हे एकदा नीट समजून घेऊ.

बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाण्याची विहीर. जुन्या वास्तुग्रंथांत तिचे प्रकार दिलेले आहेत. एका बाजूने उतरता येते ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारी बाजूंनी विजया. परभणी जिल्ह्यात चारठाणा आणि वालूर येथे जुन्या बारवा आजही आहेत. पैकी वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनीच श्रमदानाने गाळ काढून मोकळी केली. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांची विहीर विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. बारा मोटा म्हणजे केवढा पाणउपसा, हे मोट हाकलेल्या जुन्या सभासदांना वेगळं सांगायला नको.

मग अशा बारवा लोकांनी टाकल्या कशा? नळ आला, बोअर आली, हे एक कारण. दुसरं कारण वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, ते म्हणजे नारू. नारू झालेला माणूस पायरीवरून पाण्यात उतरला, की त्याच्या पायाच्या फोडातून किड्याची पिल्लं पाण्यात जात. पाण्यातले बारीक जीव ती गिळत आणि तेच पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या अंगात वर्षभराने दोन-तीन फुटांचा किडा तयार होई. १९८३-८४ च्या सुमारास नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पायऱ्यांच्या विहिरींचं पिण्याचं पाणी बंद करण्यावर त्यात भर होता. ते योग्यच झालं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. रोग गेला, बारवेकडे फिरवलेली पाठ मात्र तशीच राहिली आणि बारवेची कचराकुंडी झाली.

आता मालकी. शेतातल्या सामाईक विहिरीचं आपल्याला सगळं तोंडपाठ असतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुणाचे दोन आणे, कुणाचे चार आणे, कुणाची पाळी कोणत्या वारी. मोटर जळली तर सगळे हिस्सेदार रातोरात गोळा होतात, कारण ऊस वाळतो. गावठाणातल्या बारवेवर कुणाचाच ऊस वाळत नाही. शिवाय गावठाणात सातबारा नसतो. पंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि भांडणं इथूनच लागतात.

बारव संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर प्रश्न सोपा आहे. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा, या दोहोंपैकी एकाखाली तिची अधिसूचना निघालेली असते, देखभाल त्या त्या पुरातत्त्व खात्याने करायची असते. गावाने परवानगीशिवाय तिथे दगडही हलवायचा नाही. केंद्र-संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण गावोगावच्या बहुतेक बारवा यापैकी कुठल्याच यादीत नाहीत. ‘पुरातत्त्ववाले बघतील’ म्हणून वाट पाहत बसणं म्हणजे नोंद न केलेल्या उसाच्या तोडणीची वाट पाहणं.

यादीत नाही आणि खासगी मालकही नाही, अशी जागा जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे शासनाची ठरते. गावठाणातल्या अशा सार्वजनिक जागा नि विहिरी शासन पंचायतीच्या ताब्यात देऊ शकते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये सार्वजनिक तळी-विहिरींची बांधणी नि साफसफाई हा पंचायतीच्या कामांचाच भाग आहे आणि कलम ५३ खाली सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकारही पंचायतीला आहे. म्हणजे मोरीचं पाणी बारवेत सोडणाऱ्याला नोटीस देणं हे पंचायतीच्या हातात आहे. ती देत नाही, कारण मत जातं. हे आम्ही लिहितो याचा राग येऊ नये.

सगळ्यांत अवघड असते ती भाऊबंदांची बारव. गढीची नाहीतर वाड्याची बारव मूळ घराण्याची असते. वाटण्या झाल्या, खोल्या वाटल्या, अंगण वाटलं. बारव वाटता येईना म्हणून सामाईक ठेवली. दोन पिढ्यांत वारस पंचवीस झाले, निम्मे पुण्या-मुंबईला. इथे कायद्याने जबाबदारी सगळ्या हिस्सेदारांची आहे. पंचायतीने तिथे सरकारी निधी टाकायचा तर आधी जागा पंचायतीकडे यायला हवी. ती बक्षीसपत्राने देता येते, पण ते नोंदणीकृत लागतं आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. तोंडी ‘घ्या गावाला’ म्हटल्याने काही होत नाही.

हे सगळं आत्ताच सांगण्याचं कारण आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरटी मिळकत पत्रिका देतात. मोजणीआधी हद्दी चुन्याने आखतात, मग चौकशी अधिकारी कागद पाहून, म्हणणं ऐकून नाव लावतात. चुन्याची रेघ कोण आखतो? शेजारचा. बारवेच्या तोंडावरचा ओटा त्याच्या रेघेत गेला आणि त्या दिवशी गाव शेतात असलं, तर पत्रिकेवर तो त्याचा होऊन बसतो. काही गावांची मोजणी होऊन पत्रिकाही मिळाल्या आहेत. तिथे चूक झाली असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे अपील करता येतं, पण वेळ जाईल तसं ते जड होत जातं.

कागदावरचं नाव किती मोठी गोष्ट आहे, याचं उदाहरण महाडच्या चवदार तळ्याचं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सत्याग्रह केला. पुढे कोर्टात दावा लागला, त्यात तळं खासगी असल्याचं म्हणणं मांडलं गेलं. ते टिकलं नाही. तळं नगरपालिकेचं, सार्वजनिक ठरलं. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढीही सिद्ध झाली नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. गावातल्या जुन्या पाणवठ्यांवर सगळ्यांना पूर्वी सारखं उतरता येत नव्हतं, हेही यानिमित्ताने आठवावं. आज सार्वजनिक म्हणून नोंद करायची ती सगळ्या वस्त्यांच्या नावाने.

नाव ठरलं, मग दुरुस्ती. इथे उत्साहाने घात होतो. जुनं बांधकाम कोरडं किंवा चुन्यातलं असतं. मागच्या मातीतला ओलावा दगडांच्या सांध्यांतून बाहेर पडतो. आतून सिमेंटचा गिलावा मारला, की पाणी मागे कोंडतं आणि पावसाळ्यात भिंत पोट काढते. दरजा भरायच्या तर चुन्यानेच भराव्यात. सिमेंट स्वस्त नि झटपट, पण ते इथलं औषध नाही. वड, पिंपळ, उंबराचं रोप बोटाएवढं असतानाच काढावं; मोठं झाल्यावर मुळासकट ओढलं तर मुळाबरोबर पाच-दहा चिरे येतात. मोठं झाड बुंध्याशी कापून मूळ जागेवर मारावं लागतं, तेही जाणत्याला विचारून. निखळलेले चिरे उचलण्याआधी प्रत्येकावर खडूने नंबर टाकावा नि फोटो काढून ठेवावा.

गाळ उन्हाळ्यात काढावा, पण इंजिन लावून एका दिवसात पाणी उपसू नये. आतलं पाणी भिंतीला आधार देत असतं. ते एकदम गेलं तर मागची ओली माती भिंत ढकलते. जुन्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साठतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत सगळे वायू ओळखत नाही, म्हणून हवा खेळती केल्याशिवाय, दोर बांधल्याशिवाय आणि वर माणसं असल्याशिवाय कुणी उतरू नये. गाळात मूर्ती, नाणी सापडली तर घरी नेऊ नयेत. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. शिल्पांना ऑइलपेंट फासू नये, हे वेगळं सांगण्याची पाळी येऊ नये.

राहिला कारखाना. कारखाना बारवेचा मालक होऊ शकत नाही आणि त्याने होऊही नये. मात्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ प्रमाणे राखीव निधी वगैरे तरतुदी झाल्यावर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम धर्मादाय व सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते. त्याला आधी नफा लागतो, मग सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि पुढची संमती. तो पैसा तुमच्याच उसाचा आहे. ज्या बारवेचा मालक ठरलेला नाही तिच्यावर तो टाकला, तर लेखापरीक्षक शेरा मारील आणि तो रास्तच असेल.

तेव्हा पहिलं काम घरातल्या घरात होण्यासारखं आहे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या सुमारास बहुतेक गावांत ग्रामसभा होते. त्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाच्या नकाशाची नक्कल काढावी. बारव त्यावर दाखवली आहे का, कुणाच्या नावे आहे, हे पाहून विषय लेखी अर्जाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.