लोदी गार्डन : स्थळाचे नामांतर आणि कवितेचा अवकाश

दिल्लीच्या लोदी गार्डनकडे मध्ययुगीन अवशेषांचे आवार म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. त्यामुळे उद्यानाचा स्वतःचा इतिहास झाकला जातो. सय्यद घराण्यातील मुहम्मद शाहाचा मकबरा, १४९४ सालची मशीद व तिला लागून असलेला बडा गुंबद, १५१७ मध्ये मरण पावलेल्या सिकंदर लोदीचा मकबरा या वास्तू पंधराव्या-सोळाव्या शतकांतील आहेत. भोवतालची हिरवळ मात्र विसाव्या शतकातील.

या वास्तूंच्या परिसरात खैरपूर नावाचे गाव होते. गावकऱ्यांना तेथून हलवून १९३६ मध्ये ‘लेडी विलिंग्डन पार्क’ उभारण्यात आले. व्हाइसरॉयच्या पत्नीचे हे नाव स्वातंत्र्यानंतर गेले आणि ‘लोदी गार्डन’ रूढ झाले. नामांतराने वसाहतीची खूण पुसली खरी; पण मुहम्मद शाह लोदी नव्हता, हेही त्याबरोबर विस्मरणात गेले. खैरपूरला तर दोन्ही नावांत जागा नाही. (‘पार्क’ जाऊन ‘गार्डन’ येणे हा बदलही लक्षणीय आहे. शिवाजी पार्काच्या सवयीमुळे ‘पार्क’ म्हणताच मैदान डोळ्यांपुढे आणणाऱ्या मराठी वाचकाला तो चटकन जाणवावा.) पुढे १९६८ मध्ये जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांच्याकडून उद्यानाची पुनर्रचना झाली.

तौलनिक अभ्यासकाला हे स्थळ परिचित असते ते ऑक्ताव्हियो पाझ यांच्यामुळे. १९६२ ते १९६८ या काळात ते मेक्सिकोचे भारतातील राजदूत होते. ‘लादेरा एस्ते’ (१९६९) या संग्रहात लोदी गार्डनवर त्यांची एक अगदी छोटी कविता आहे: घुमट, पक्षी आणि आकाश, एवढाच तिचा ऐवज. ही कविता बहुधा पाश्चात्त्य कवीची पौर्वात्य काळाशी झालेली भेट म्हणून वाचली जाते. माझ्या मते हे वाचन अपुरे आहे. घुमट आणि आकाश यांच्यामध्ये काहीही न येणे, ही त्या कवितेची पूर्वअटच आहे. आणि ती अट नियोजनाने, घरे हटवून, कवीच्या आगमनापूर्वी जेमतेम पाव शतक आधी पूर्ण झाली होती. पाझ यांच्यावर हा आक्षेप नव्हे. कवी समोरचे दृश्य पाहतो. ते दृश्य कसे घडले याचा शोध अभ्यासकाने घ्यावयाचा असतो. दिल्लीच्या जुन्या पुरातत्त्वीय याद्या त्याने उघडल्या, तर या वास्तूंचा ठावठिकाणा त्याला खैरपूर असाच नोंदलेला आढळेल.