भिंतीवरील वादक

आमच्या घरी दरबाराचे एक जुने छायाचित्र आहे. मध्ये गादीवर महाराज, बाजूस मानकरी आणि अगदी कडेला सहा वादक. मानकऱ्यांची नावे खाली छापलेली आहेत. माझे वडील धरून त्या सहाजणांस मिळून ‘साजिंदे’ एवढा एकच शब्द! मेक्सिकोतील बोनाम्पाक येथील माया लोकांच्या भित्तिचित्रांच्या प्रती पाहताना मला त्या छायाचित्राची आठवण झाली.

चियापासच्या अरण्यातील तीन खोल्यांची ही इमारत इ. स. ७९० च्या सुमारास आतून छतापर्यंत रंगविली गेली. १९४६ साली तिथल्या लाकांदोन लोकांनी छायाचित्रकार जाइल्स हीली यांना ती दाखविली. दुसऱ्या खोलीत लढाई आहे, तिसरीत नृत्य. पण माझ्यासारख्याचा पाय अडतो तो पहिल्या खोलीत. तेथे वादकांचा ताफा चालला आहे. लांब कर्णे, खुळखुळे, हाताने वाजवावयाचा उभा ढोल. आणि कासवाची पाठ, जिच्यावर हरणाच्या शिंगाने आघात करावयाचा!

हे टिपून घेणे सोपे नव्हते. चित्रांवर क्षारांचा पांढुरका थर चढला होता. आंतोनियो तेहेदा व अगुस्तीन व्हियाग्रा या चित्रकारांनी पहिल्या प्रती केल्या, त्या काळी रंग दिसावेत म्हणून भिंतीला चक्क घासलेट लावीत. १९८० नंतरच्या दशकात तो थर उतरविण्यात आला. पुढे १९९० नंतर येल विद्यापीठाच्या मेरी मिलर यांच्या पुढाकाराने अवरक्त छायाचित्रे घेतली गेली आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या काळ्या रेषा त्यांत उमटल्या. त्यांच्या आधाराने हेदर हर्स्ट व लेनर्ड अ‍ॅशबी यांनी नव्या प्रती रंगविल्या.

या चित्रांत माणसांजवळ नावासाठी लहान चौकटी आखलेल्या आहेत. काही भरल्या आहेत; पुष्कळशा मात्र रिकाम्याच राहिल्या. प्रत करणाऱ्याने त्या रिकाम्याच ठेवावयाच्या असतात. बंदिशीतला विसरलेला शब्द पदरचा घालू नये, असे मी विद्यार्थ्यांस सांगतो, ते याचसाठी.

परवा मी ते छायाचित्र उलटून मागे वडिलांचे नाव लिहिले. आणखी एक नाव आठवले. चार जागा कोऱ्या सोडल्या आहेत. आपल्याही घरी असे एखादे चित्र असेल, तर वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांस विचारून ठेवावे.