पेला एकच, प्रश्न बाकी

लंडनला गेलेला आंबेडकरी माणूस दोन वास्तूंपुढे नतमस्तक झाल्याशिवाय परतत नाही. एक, १० किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे घर. दुसरी, ग्रेज इन. अर्धपोटी राहून आमचा बाप येथे बॅरिस्टर झाला.

ग्रेज इनमधून बाहेर पडलो तेव्हा माझी पुतणी म्हणाली, "काका, आता शेजारच्या पबमध्ये चला." ती तेथे कायदा शिकते. मी दचकलो. दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा घेतलेला मी बौद्ध माणूस. ती हसली. "पिऊ नका. पाहा तरी!"

हाय हॉलबर्नवरचा हा पब, सिटी ऑफ यॉर्क. या जागेवर १४३० पासून मद्यगृह असल्याचे सांगतात. आजची इमारत मात्र १९२० च्या दशकात पुन्हा बांधलेली, आणि वारसा म्हणून संरक्षित. उंच छत, लांबलचक लाकडी काउंटर, त्यावर भलीमोठी पिंपे. भिंतीलगत लाकडाचे छोटे कप्पे. वकील आपल्या अशिलांशी येथे खाजगीत बोलत, असे म्हणतात.

येथे वेटर टेबलाशी येत नाही. प्रत्येकाने काउंटरवर जायचे, मागायचे, पैसे द्यायचे. आम्ही संत्र्याचा रस घेतला. माझा रिकामा पेला आत गेला, धुतला गेला, इतर पेल्यांत मिसळला. तो पुढे कोणाच्या ओठाला लागला, कोण जाणे!

मला मात्र गावचे हॉटेल आठवले. आमची कपबशी बाहेर, वेगळी. वडील ती स्वतः विसळून ठेवत. चहा वरून ओतला जाई. साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की बालभीमाला पाणी मिळत नसे. ती व्यवस्था आमच्या पिढीपर्यंत चालत आली होती.

पण म्हणून गोऱ्या साहेबाच्या आरत्या ओवाळण्याचे कारण नाही. याच देशातील पबमध्ये कष्टकऱ्यांची खोली वेगळी आणि सुटाबुटातल्यांची वेगळी असे. पुढे काळ्या आणि आशियाई कामगारांना कित्येक पबमध्ये मज्जाव झाला. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी मॅल्कम एक्स स्मेदिक गावी आले. तेथील ब्लू गेट्स पबच्या एका खोलीत त्यांनाही पेय नाकारले गेले. नऊच दिवसांनी अमेरिकेत त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशसंबंध कायदा आला आणि सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून भेदभाव करणे बेकायदेशीर ठरले. समता कोणी दान दिली नाही. ती लढून घ्यावी लागली.

मी हे सांगत होतो, तेव्हा पुतणी शांत होती. मग म्हणाली, "काका, काउंटरवर आडनाव कोणी विचारत नाही. टेबलावर बसल्यावर आपल्याच देशाची मुले विचारतात."

मी निरुत्तर झालो. जात विमानात बसून येथे पोचली आहे! २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करावा, असे ब्रिटिश संसदेने २०१३ साली ठरवले. तेथील काही हिंदू संघटनांनी विरोध केला. २०१८ साली सरकारने माघार घेतली आणि न्यायालयांच्या निकालांवर भिस्त ठेवली. वर्णाला कायद्याचा लगाम बसला, जातीला पळवाट मिळाली. हा कोणता न्याय?

ग्रेज इनने २०२१ साली बाबासाहेबांच्या नावाने खोली केली, तैलचित्र लावले. आनंद आहे. परंतु बाबासाहेब भिंतीवर आणि जात टेबलावर, हे चालणार नाही.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बजावले होते की, आपण केवळ पाणी पिण्यासाठी तळ्यावर जात नाही; आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जातो. मीही त्या पबमध्ये प्यायला गेलो नव्हतो. प्रतिज्ञा अभंग राखून, ताठ मानेने बसून आलो. परदेशी शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनीही तसेच बसावे. आडनाव विचारले तर ते स्पष्ट सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी कायद्याचे पुस्तक उघडावे. उरलेली लढाई त्यांची आहे.