झाडातल्या पानाचा पत्ता

रेल्वेत आपली जागा शोधताना आधी गाडी, मग डबा, मग बर्थ बघतो. संगणकात ‘जेसन’ (JSON) या मांडणीतली माहितीही अशीच, झाडाच्या फांद्या-पानांसारखी, एकात एक ठेवलेली असते: तिकिटाच्या नोंदीत प्रवाशांची यादी, यादीत एकेक प्रवासी, त्याचं वय. त्या वयापर्यंतचा रस्ता एका ओळीत लिहिता येतो:

/प्रवासी/1/वय

इथला 1 म्हणजे दुसरा प्रवासी, कारण मोजणी शून्यापासून. नवशिके इथेच हमखास चुकतात.

‘जेसन पॉइंटर’ नावाची ही पद्धत एप्रिल २०१३ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. एखाद्या नावातच तिरकी रेघ असेल तर? तिथे ~1 लिहायचं, आणि ~ या चिन्हासाठी ~0. किती विचारपूर्वक केलेली सोय!

बदल करायला सोबतीला ‘जेसन पॅच’ आहे. मार्ग द्या, नवी किंमत द्या. तेवढंच पान बदलतं, बाकी झाडाला धक्का लागत नाही. त्यातली ‘टेस्ट’ ही सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. जुनी किंमत अपेक्षेप्रमाणे नसेल, तर सगळा पॅच तिथेच असफल ठरतो. एकच नोंद दोघे जण बदलत असतील, तर आधी ‘टेस्ट’ लिहाच.