घरगुती स्टेअरलिफ्ट : निवड आणि सुरक्षित वापर

प्रस्तावना :
२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. वार्धक्यात गुडघ्यांची झीज वा पक्षाघात यांमुळे चालणे मर्यादित झाले, की दुमजली घरातील जिना हाच मोठा अडथळा ठरतो. अशा घरांसाठी स्टेअरलिफ्ट, म्हणजेच जिन्याच्या उतारावर रुळावरून सरकणारी खुर्ची, हा एक पर्याय आहे. तिच्याविषयीची चर्चा बहुधा किंमत आणि मोटार यांपाशी थांबते. वास्तविक पाहता तिच्यावरील प्रवास हा त्यामानाने सुरक्षित भाग होय. युरोपीय मानक ईएन ८१-४० नुसार तिचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरहून अधिक असू नये; म्हणजे चार मीटरच्या रुळाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. खरा धोका असतो तो वरच्या टोकाला, खुर्चीतून उठताना. तेथे तोल गेल्यास मागे संपूर्ण जिना असतो.

निवडीचे निकष :
यास्तव वर पोहोचल्यावर खुर्ची मजल्याच्या दिशेने वळते काय आणि वळल्यावर त्या स्थितीत पक्की अडकते काय, हे प्रथम तपासावे. हाताने खुर्ची वळविण्याची शक्ती नसल्यास मोटारीने वळणारे आसन घ्यावे. या सोयीवर केलेली काटकसर योग्य ठरत नाही.

त्यानंतर विचार करावयाचा तो वापरणाऱ्याच्या शरीराचा. बसून तोल सांभाळता येतो काय, गुडघे कितपत वाकतात, कोणता हात कार्यक्षम आहे? नियंत्रक कळ दाबून धरली तरच खुर्ची चालते आणि सोडताच थांबते. म्हणून पक्षाघातानंतर ती कळ चांगल्या हाताच्या बाजूस असणे आवश्यक ठरते. चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असणाऱ्यांना वर आणि खाली अशा दोन चाकखुर्च्या लागतात, शिवाय दोन्हीकडे मदतनीसही लागू शकतो. स्मृतिभ्रंश किंवा वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीला हे साधन एकट्याने वापरू देणे धोक्याचे आहे. खरेदीपूर्वी व्यवसायोपचार तज्ज्ञाने त्या व्यक्तीस त्याच जिन्यावर पाहिलेले उत्तम.

जिन्याची पाहणीही तितकीच महत्त्वाची. रूळ सामान्यतः भिंतीला नव्हे, तर पायऱ्यांना बसवितात; त्यामुळे जुन्या घराची भिंत कच्ची आहे एवढ्यावरून हा पर्याय बाद होत नाही. मात्र कडाप्पा किंवा संगमरवराची लादी भोक पाडताना तडकू शकते आणि खिळबोल्ट केवळ लादीत अडकून राहिल्यास आधार फसवा ठरतो. तो खालच्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे. वाड्यातील लाकडी पायऱ्या वा भिंतीतून बाहेर आलेले अधांतरी टप्पे असतील, तर स्थापत्य अभियंत्याचे मत घ्यावे. सरळ रूळ कापून अन्यत्र वापरता येतो. वळणाचा रूळ मात्र त्या एकाच जिन्यासाठी घडविलेला असल्याने त्याची पुनर्विक्री जवळजवळ अशक्य असते. खुर्ची मिटल्यावर इतरांना ये-जा करण्यास किती रुंदी उरते, हेही मोजावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक जिन्यावर संस्थेची संमती लागेलच. शिवाय आगीच्या प्रसंगी तोच सुटकेचा मार्ग असतो, याचा विसर पडू नये.

वीजपुरवठा व दैनंदिन वापर :
आजच्या बहुतेक स्टेअरलिफ्ट बॅटरीवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. तथापि अनेक नमुन्यांत चार्जिंग केवळ ठराविक थांब्यांवरच होते. खुर्ची मध्येच उभी ठेवल्यास बॅटरी हळूहळू उतरते आणि हे नेमके वीज गेल्यावरच लक्षात येते.

वापरताना पट्टा लावून, पाय पायटेकणीवर पूर्ण ठेवून बसावे. वर पोहोचल्यावर खुर्ची मजल्याकडे वळवून अडकविल्यानंतरच पट्टा सोडावा. हा क्रम घरातील प्रत्येकास ठाऊक हवा. परदेशी माहितीपत्रकांत न आढळणारी एक बाब म्हणजे आपला पोशाख. साडीचा पदर, ओढणी वा धोतराचा सोगा रुळाच्या दातेरी पट्टीत अडकू शकतो. तो खोचून मांडीवर घ्यावा. पायटेकणीखाली काही अडकल्यास खुर्ची थांबविणारी संवेदक कडा असते. ती चालते की नाही, हे अधूनमधून पुठ्ठ्याचा खोका पायरीवर ठेवून, खुर्ची रिकामी असताना पाहावे. घरात लहान मुले असल्यास किल्ली काढून ठेवावी. खुल्या जिन्यासाठी, विशेषतः कोकणातील दमट हवेत, घराबाहेरील वापराकरिता बनविलेलाच नमुना निवडावा आणि वार्षिक देखभालीसाठी जवळच्या शहरात तंत्रज्ञ उपलब्ध आहे काय, याची विचारणा पैसे भरण्यापूर्वी करावी.