चिं. वि. जोशी : स्वतःला हसणारा गृहस्थ

एरंडोलचा माणूस परगावी गेला आणि त्याने गावाचे नाव सांगितले, की समोरचा एखादा तरी गृहस्थ एरंडावर कोटी करतोच. आम्हांला त्याची सवय झाली आहे. आम्ही घाईघाईने पांडववाडा सांगतो, पद्मालयाचा गणपती सांगतो, पण एरंड काही सुटत नाही. म्हणून कॉलेजात शिकत असताना ग्रंथालयाच्या कपाटात 'एरंडाचे गुऱ्हाळ' हे पुस्तक दिसले, तेव्हा मला वाटले, कोणीतरी आपल्याच गावाची थट्टा केलेली दिसते. पुस्तक उघडले, आणि थट्टा करणारे हे गृहस्थ पहिली थट्टा स्वतःची करतात हे ध्यानात आले. ते चिंतामण विनायक जोशी. त्यांच्याविषयीच आज बोलायचे आहे.

श्रोतेहो, गुऱ्हाळ म्हणजे काय हे तुम्हांला मी सांगायला नको. ऊस चरकात घातला की रस निघतो, रस कढईत आटवला की गूळ होतो. आता कोणी चरकात एरंडाचे दांडे घातले तर? बैल दमतील, चरक करकरेल आणि शेवटी हाती चोथा राहील. फोल बडबडीला एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात ते यामुळे. 1932 साली पुस्तक काढताना जोशींनी हेच नाव आपल्या लेखनाला दिले. पुढच्या वर्षी 'चिमणरावाचे चऱ्हाट' आले. चऱ्हाट म्हणजे जाडेभरडे दोरखंड, आणि न संपणारी कथाही. मग 'वायफळाचा मळा', मग 'रहाटगाडगं', आणि उतारवयात 'बोरीबाभळी'. ही नावे ओळीने म्हणून पाहा. गुऱ्हाळ, चऱ्हाट, मळा, रहाट, बोरीबाभळी! जन्म पुण्याचा, नोकरी बडोद्याची, विद्या पाली भाषेची, आणि पुस्तकांची नावे मात्र शेताच्या बांधावरून उचललेली. त्यातही भरघोस पिकाचे नाव एकही नाही. जे वाया जाते, टोचते किंवा नुसते गरगरत राहते, तेवढेच त्यांनी स्वतःसाठी घेतले.

त्यांचा जन्म 1892 चा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबी 1912 पासून पाली शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली जे विद्यार्थी तयार झाले त्यांत जोशी एक होते. कोसंबी मूळचे गोव्याचे. बुद्धाच्या शिकवणीच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश इतके हिंडून आलेला हा माणूस. त्यांना महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा 50 रुपये देऊ केले होते. हे सयाजीराव मालेगावजवळच्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक गेलेले, म्हणजे आपल्या खानदेशाच्या शेजारचेच. त्यांच्याच बडोद्यात पुढे जोशी पालीचे प्राध्यापक झाले. संस्थानाच्या दप्तरखान्यातही त्यांनी काम केले. जातककथांतल्या निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या. जातकांत राजे आहेत, ऋषी आहेत, तसेच मूर्ख माकडे, बडबडे कासव आणि फजीत पावलेले शहाणेही आहेत. अशा कथांत ज्याचा दिवस जातो त्याला माणसाच्या फजितीची गोडी लागली, तर त्यात नवल ते काय?

मराठीत विनोद त्यांच्याआधी नव्हता असे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'नी आपल्या रूढींची आणि सणवारांची झडती घेतली होती. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी 'बाळकराम' हे नाव घेऊन लिहीत. परंतु या दोघांचा विनोद बुद्धीचा आणि शब्दांचा. तो समजायला वाचक थोडा शिकलेला लागे. जोशींनी विनोद ओसरीवरून स्वयंपाकघरात नेला. त्यांचा चिमणराव हा पुण्यातला बेताच्या मिळकतीचा कारकून. शरीराने किरकोळ, मनाने भित्रा, पण स्वतःविषयी बरे मत असलेला. घरी आई आहे, बायको काऊ आहे, लग्नाची बहीण चिमी आहे, मोरू, मैना, राघू ही मुले आहेत. आणि या सर्वांवर वरचष्मा म्हणून गुंड्याभाऊ! आडदांड देहाचा, सडाफटिंग, कोणत्याही संकटात पुढे होणारा, आणि पुढे झाल्यामुळे संकट वाढवणारा.

या कथांची सारी गंमत एका गोष्टीत आहे, असे मला वाटते. कथा सांगतो तो चिमणराव स्वतः. दुसऱ्या कोणी 'चिमणराव कसा बावळट' हे सांगितले असते, तर आपण दोन घटका हसलो असतो आणि विसरून गेलो असतो. इथे चिमणराव मोठ्या गांभीर्याने आपली बाजू मांडतो, आपला शहाणपणा पटवून देतो, आणि त्याच्याच तोंडून त्याचा बावळटपणा बाहेर पडतो. चिमीचे लग्न जमवायला हे दोघे निघतात, तेव्हा हसू कोणाचे होते? चिमीचे होत नाही. लग्न जमवणाऱ्यांचे होते, स्थळे पाहण्याच्या त्या साऱ्या खटाटोपाचे होते. ज्या काळी मुलीच्या बापाला दारोदार हिंडावे लागे (आणि तो काळ संपला असे छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही), त्या काळात हे हसू साधे नव्हते. मास्टर विनायकांनी 1940 साली 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला तो या जोडगोळीवरच. दामुअण्णा मालवणकर त्यात चिमणराव झाले होते. पुढे सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, तेव्हा जोशींना जाऊन बरीच वर्षे झाली होती. ते 1963 साली वारले.

आता शिक्षकबंधू ऐकत असतील तर त्यांच्याशी थोडे बोलतो.

मी दहा वर्षांचा होतो.  भूगोलाच्या तासाला गुरुजींनी मला उठवले आणि गिरणा कोठे उगम पावते ते विचारले. उत्तर मला येत होते. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "नाशिक जिल्हामा शे." उत्तर बरोबर होते, पण ते अहिराणीत होते. गुरुजी क्षणभर थांबले आणि माझ्याच सुरात म्हणाले, "मा शे! मा शे!" वर्ग खो खो हसला. गंमत अशी, की त्या वर्गातली अर्धीअधिक मुले घरी जाऊन आईशी 'शे'च म्हणत होती. तीही हसली. माझ्या शेजारचा तर बाकावरून पडायचा राहिला. पुढचे सहा महिने, उत्तर येत असले तरी मी हात वर केला नाही. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना तो विनोद वाटला.

हंगेरी नावाचा एक देश युरोपात आहे. तिथे फ्रिद्येश करिन्ती नावाचा एक मोठा विनोदी लेखक होऊन गेला. जन्म 1887 चा, मृत्यू 1938 चा, म्हणजे जोशींचा समकालीनच. दुसऱ्या लेखकांच्या शैलीच्या हुबेहूब नकला करणाऱ्या त्याच्या 1912 सालच्या पुस्तकाने तो नावारूपाला आला. पण 1916 साली त्याने शाळेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे नाव आपल्याकडे सांगायचे तर 'अहो सर, ऐका ना!' असे होईल. त्यात एका लेखात हुशार मुलगा उत्तर देतो. तो आणि मास्तर दोन प्रतिष्ठित गृहस्थांसारखे बोलतात, बाकीचा वर्ग जणू तिथे नसतोच. दुसऱ्या लेखात 'ढ' मुलगा फळ्यापाशी उभा आहे. हातात खडू, समोर गणित, आणि काहीही करून वेळ काढायचा आहे. आणखी एका लेखाचा विषयच वर्गाचे हसणे हा आहे. हे सारे करिन्तीने लिहिले ते बाकावर बसून, मास्तरांच्या खुर्चीवरून नव्हे. फळ्यापाशी उभ्या असलेल्या त्या पोराच्या पोटात काय गोळा येतो, हे त्याला ठाऊक होते. आपण त्या गणितावर हसतो, त्या खडूवर हसतो, पण पोरावर हसायला जीभ रेटत नाही. पुण्याच्या चिमणरावाची आणि बुडापेस्टच्या या पोराची गाठ कधी पडली नाही, पण जात एकच.

म्हणून गेली काही वर्षे मी पहिल्या वर्षाच्या वर्गात चिमणरावाची एखादी कथा मोठ्याने वाचतो. अभ्यासक्रमात असो वा नसो. जून-जुलैत, मुले नवी असतात तेव्हा. खेड्यांतून एस.टी.ने आलेली मुले मागच्या बाकांवर बसतात, वहीत डोके घालतात. चिमणरावाची फजिती रंगू लागली की ती डोकी हळूहळू वर येतात.

गेल्या पावसाळ्यात असाच वाचत होतो. एका वाक्यावर पुढची मुले हसली. मागे बसलेला एक मुलगा तोंड उघडे टाकून नुसता पाहत होता. मी विचारले, "काय रे, समजले नाही का?" तो उठला आणि न घाबरता म्हणाला, "माले समजनं नही, सर." दोन-तीन जण फिस्सकन हसले. मला ती जुनी कळ आठवली. मी म्हणालो, "मग तूच सांग बरं, ही गोष्ट तुझ्या आजीला कशी सांगशील?" त्याने थोडा विचार केला आणि सुरुवात केली. गुंड्याभाऊ अहिराणीत बोलू लागला. चिमणराव अहिराणीत रडू लागला. वर्ग हसून हसून आडवा झाला. मग मलाही राहवले नाही, मी त्याला दाद म्हणून अहिराणीत काहीतरी बोलायला गेलो. इतक्या वर्षांच्या मास्तरकीने माझी अहिराणी पुस्तकी झालेली. तो मुलगा थांबला, मला तपासल्यासारखा पाहू लागला आणि म्हणाला, "सर, अशे नही म्हनतस."

आणि मग त्याने माझे वाक्य, साऱ्या वर्गासमोर, दुरुस्त करून दिले.