टायशाचं नाव न घेता

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग जून २०१४ मध्ये दाखवला गेला. जेमी लॅनिस्टर त्यात आपल्या धाकट्या भावाला, देहदंडाची वाट पाहणाऱ्या टिरियनला, कोठडीतून सोडवतो. भाऊ गळाभेट घेतात, निरोप घेतात, संपलं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या २००० सालच्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स' या कादंबरीत हाच निरोप विषारी आहे. टिरियनने पोरवयात टायशा नावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. ती पैसे देऊन आणलेली वेश्या होती, असं जेमीकडून वदवून बापाने, म्हणजे टायविनने, तिला शिपायांच्या हवाली केलं होतं. ती वेश्या नव्हतीच, साध्या शेतकऱ्याची पोर होती आणि तिचं टिरियनवर खरंच प्रेम होतं, ही कबुली जेमी सुटकेच्या त्या क्षणी देतो. बापाच्या हुकुमावरून आपण इतकी वर्षं खोटं बोललो, हेही सांगतो. टिरियन त्याच्यावर हात उगारतो आणि सूड म्हणून स्वतःही एक खोटं फेकतो: तुझ्या मुलाला, जॉफ्रीला, मीच मारलं. मालिकेने ही कबुली गाळली. हा बदल वरवर लहान दिसतो, पण माझ्या मते टिरियन या पात्राचा कणा तिथेच मोडला.

याच मालिकेने पहिल्या पर्वात टायशाची हकिगत टिरियनच्या तोंडून सविस्तर सांगितली होती, शिपायांनी दिलेल्या चांदीच्या नाण्यांसकट. म्हणजे पेरलं ते व्यवस्थित, कापणीच्या वेळी मात्र शेताकडे कुणी फिरकलं नाही. परिणामी बोटीकडे जायचं सोडून टिरियन बापाच्या शयनगृहाकडे का वळतो, याला पडद्यावर धड कारणच उरत नाही. तिथे बापाच्या बिछान्यात त्याला आपली प्रेयसी शे सापडते. कादंबरीतली शे निःशस्त्र आहे. टिरियन तिच्या गळ्यातल्या, राजाच्या प्रधानाचं पद मिरवणाऱ्या सोनसाखळीनेच तिचा गळा आवळतो. मालिकेत शे आधी सुरीकडे झेपावते, झटापट होते आणि ती मेल्यावर टिरियन तिची माफी मागतो. खुनाचं स्वसंरक्षण झालं, वर पश्चात्तापही जोडला. वकिलाने अशिलासाठी करावी तशी ही तजवीज आहे.

पुढचा बदल तर शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. देशाबाहेर पळालेला टिरियन एका वेश्यागृहात शिरतो आणि तिथे जोरा मॉर्मंट हा परागंदा सरदार त्याला पकडतो. प्रसंग दोन्हीकडे आहे. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' (२०११) मध्ये टिरियन सेलहोरिस गावातल्या एका गुलाम स्त्रीला भोगतो. तिच्या डोळ्यांत जीव नाही, तिची इच्छा असण्याचा प्रश्नच नाही, हे त्याला कळतं. त्याला स्वतःची शिसारी येते आणि तरीही तो पुन्हा तेच करतो. टायशाचं जे झालं त्यात तो आता शिपायांच्या रांगेत उभा आहे, आणि हे वाचकाला कळतं. मालिकेच्या पाचव्या पर्वात गाव व्होलांटिस होतं. तिथे एका स्त्रीशी गोड गप्पा मारून ऐन वेळी टिरियन म्हणतो की, आपल्याच्याने हे होत नाही. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि माणूस हातातून निसटतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. एवढ्या जाड कादंबऱ्या ७३ भागांत बसवायच्या तर काटछाट होणारच. मान्य. टिरियनचं नाक कापलं न जाता नुसता व्रण राहिला, याबद्दल कुणी गळा काढू नये. पण जेमीची कबुली म्हणजे चार-पाच वाक्यं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कादंबरीत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या डोक्यात बसून लिहिलेलं असतं. कृत्य कितीही घाण असलं तरी त्यामागची जखम आपल्याला आतून दिसते. कॅमेऱ्याला ते आत जाणं जमत नाही, कृत्य तेवढं उघडंनागडं समोर येतं. म्हणून सेलहोरिसचा प्रसंग पडद्यावर जसाच्या तसा नको, हे मीही म्हणेन. कबुली मात्र संवादातच आहे, तिला डोक्यात शिरावं लागत नाही. आणि टिरियनच्या भूमिकेत पीटर डिंकलेजसारखा नट हाताशी असताना तर नाहीच. उरतो लोकप्रियतेचा मुद्दा, आणि खरी गोम तिथेच असावी. लाडक्या माणसाचं वाईट आपल्याला बघवत नाही. कर्णावर जीव टाकणारे आपणही द्यूतसभेतलं त्याचं द्रौपदीविषयीचं बोलणं भरभर ओलांडून जातो. पण 'ब्रेकिंग बॅड'चा वॉल्टर व्हाइट उत्तरोत्तर नीच होत गेला तरी प्रेक्षक शेवटपर्यंत बसून राहिलेच की.

या साफसफाईची किंमत नंतरच्या पर्वांत चुकती झाली. कादंबरीतला टिरियन सर्सीचा, आपल्या बहिणीचा, सूड घ्यायच्या विचाराने धगधगतो. त्याची बुद्धी त्या आगीवरच चालते. मालिकेतला टिरियन सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसचा प्रधान होतो, सबुरीचे सल्ले देतो आणि त्यातले बरेचसे फसतात. सातव्या पर्वात लॅनिस्टरांचा कॅस्टर्ली रॉक किल्ला जिंकण्याच्या त्याच्या बेतापायी शत्रूला मित्रांचं हायगार्डन मोकळं मिळतं. पुढे तर सर्सीच्या शब्दावर तो विश्वासही ठेवतो. लेखकांपुढे तोवर छापील कादंबऱ्या उरल्या नव्हत्या हे खरं, पण कबुली गाळली तेव्हा ती त्यांच्यासमोर छापलेलीच होती.

आठव्या पर्वात टिरियन कैदेतल्या जेमीला सोडवतो आणि भाऊ पुन्हा मिठी मारतात. प्रसंग हृद्य आहे, नाकारत नाही. कादंबरीतल्या, सर्सीचा प्रियकरही असलेल्या जेमीच्या कानात मात्र सुटकेच्या रात्री भावाने तिच्या इतर प्रियकरांची ऐकवलेली नावं घुमत राहतात. सर्सी मदतीसाठी पत्र पाठवते, तेव्हा तो ते आगीत टाकायला सांगतो.